हिरवं बटण

गुरुवार, संध्याकाळ. परभणी.

शनिवारी आमचा ऑनलाइन रेडिओ सुरू व्हायचाय, आणि आज वेबसाइटवरचं हिरवं बटण दाबलं तर आवाजच नाही. सकाळी लिंक मीच चुकीची टाकली होती. मग दुपारी ज्यांना ऐकून बघायला सांगितलं, त्या पाचही जणांनी 'मस्त' म्हणून कसं कळवलं? चार मित्र आणि ताडकळसची आत्या. आत्या तर म्हणाली, "लय गोड बोलायलास." काय ऐकलं हिनं? शुभ कामाच्या तोंडावर आपल्याकडं कुणी खोट काढत नाही, ते ठीक. पण मग मी चाचणी घेतली ती कशाची? रागच आला.

लिंक दुरुस्त केली. आत्याला कळवलं, ते हिरवं बटण परत दाबून बघ. थोड्या वेळानं तिचाच फोन आला. आवाज एकदम मोकळा.

"आता येतंय रे. दुपारी लय येळा दाबलं. मला वाटलं, माझेच कान गेले. कुणाला सांगितलं न्हाई."

मग मित्रांना एकेक करून विचारलं. हिरवं बटण चौघांपैकी कुणीच दाबलं नव्हतं.