बबूनने शिवलेले पान

हूरा, बहरीन
ता. ९ ऑक्टोबर १९८३

तीर्थस्वरूप रावजीकाकांस शिवदासचा दोन्ही हात जोडून आणि (यंदा कारण आहे म्हणून) नाक घासूनही नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? गोदाकाकूंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघे शरीराने ठीक आहोत. मनाचे विचारू नका. न विचारता सांगणारच आहे.

काका, दादांचे श्राद्ध यंदा मी आफ्रिकेत केले. पत्र खाली ठेवू नका. कंपनीत मला दहा वर्षे झाली. इतरांना दहा वर्षांचे घड्याळ मिळते. माझ्या वेळी गोऱ्या साहेबाच्या मनात काय आले कोण जाणे, त्याने आम्हा नवराबायकोला केनियाच्या जंगलात तीन दिवस तंबूत राहायला पाठवले. इथल्या सित्रा बेटावरच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट देणाऱ्या माणसाला सिंह बघायची हौस असते, हे त्याला कोणी सांगितले? तारखाही त्यानेच ठरवल्या, त्या नेमक्या पितृपक्षात. पितृपक्षात प्रवासाला निघू नये हे इंग्रजीत कसे सांगायचे? मी 'येस सर' म्हटले. (माझी सगळी संकटे याच दोन शब्दांनी सुरू झाली आहेत, बहरीनसुद्धा.) आपल्याला कळवले नाही, कारण आपण 'जाऊ नको' म्हणाला असता आणि मला ते पटले असते.

तंबू म्हणजे जत्रेतला नव्हे. आत गालिचा, पितळी नळ, आणि न्हाणीघर आपल्या पडवीएवढे. जेवायला पाच प्रकारचे काटेचमचे, आणि आम्ही पक्षात मांसमच्छी खात नाही म्हटल्यावर ताटात उकडलेली गाजरे. दोन्ही वेळा गाजरे. दुसऱ्या दिवशी दादांची तिथी. सत्यवतीने वडे इथूनच तळून नेले होते, भात आणि खीर तिथल्या भटारखान्यातून मागून घेतली. आमचा वाटाड्या कमाल (मोंबासाचा, हिंदी बऱ्यापैकी) याने बागेतून केळीचे पान आणून दिले, कशाला ते न विचारता. तंबूबाहेर 'जनावरांना खायला घालू नये' अशी पाटी होती. ती मी वाचली. पण पान कावळ्यासाठी होते, आणि कावळा म्हणजे दादा. दादांना जनावर कसे म्हणू? पान कठड्यावर ठेवले आणि हात जोडले.

कावळा आला, पण गंजीफ्रॉक घातल्यासारखा, छातीला पांढराशुभ्र. असला चालतो का, यावर आमचे एकमत होईपर्यंत त्याने पानाकडे पाहून मान फिरवली आणि शेजारच्या मडमेच्या टेबलावरचा टोस्ट पळवला. मग परत येऊन बसला, पण शिवेना. मी विनवण्या सुरू केल्या. विहिरीला कठडा बांधतो म्हटले. सिगारेट सोडतो म्हटले. रावजीकाकांशी बांधावरून भांडणार नाही म्हटले (यावर त्याने नुसते अंग झाडले). तिकडे कमाल जीपचा भोंगा वाजवतोय, सिंह दिसला म्हणून. शेवटी सत्यवती म्हणाली, "मामंजींका काय होया तां तुमका ठावक आसा. मगे तांच सांगा."

ते मला ठाऊक होतेच, काका. दादा गेले तेव्हा मला रजा मिळाली नाही. दहाव्याला माझ्या जागी आपण उभे होतात. त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची, 'आता पुरे, घरी ये.' मी दर वेळी पुढच्या वर्षावर ढकलत गेलो. त्या दिवशी मी मोठ्याने बोलून गेलो, 'दादा, नोकरी सोडतो, घरी येतो.'

बोलतोय तोच छपरावरून बबून उतरला. (आपल्या वानराचा दांडगा चुलतभाऊ, तोंड कुत्र्यासारखे.) वडे, भात, खीर, खालचे पानसुद्धा, सगळे खलास! कावळा उडून गेला. थोड्या वेळाने बबूनने आपला सगळा गोतावळा आणला. ते बाहेर वड्यांची वाट बघत बसले आणि आम्ही आत, थेट निघायच्या वेळेपर्यंत. सिंह काही पाहिला नाही. मॅनेजरने खिडकीच्या जाळीतून ती पाटी आम्हाला दोनदा वाचून दाखवली.

खरे संकट पुढेच आहे. सत्यवती म्हणते, शिवले ते शिवले. शब्द दिलात तो दादांनी घेतला. शेजारच्या खदिजाला तिने शिवणयंत्र देऊनही टाकले! मी म्हणतो, कावळा शिवला असता तर गोष्ट वेगळी, माकडाला काय कळते? आणि सेहेचाळिसाव्या वर्षी घरी येऊन मी करू काय? कणकवलीत माझ्यासाठी कोण खुर्ची टाकून बसलाय? झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आणि घरात राजीनाम्याशिवाय दुसरा विषय नाही.

आपला, स्वतःच्याच शब्दाला टांगलेला,
शिवदास

ता. क. : पत्राचे मुख्य कारण लिहायचे राहिले. सत्यवती माझे ऐकत नाही, आपले ऐकते. बबूनने शिवलेले पान धरत नाहीत, असे तिला वेगळ्या पत्राने कळवावे. भटजींना विचारले असे लिहा. विचारायची गरज नाही.

ता. क. २ (मंगळवार) : पत्र दोन दिवस खिशातच राहिले. सत्यवतीला काही लिहू नका. राजीनामा आज देऊन आलो. माडीवरच्या खोलीत आपली सुपारी असते, ती तेवढी हलवावी. आणि मी येईन त्या दिवशी आपण ओसरीवर दादांच्या जागी बसून राहावे. ती जागा रिकामी दिसली तर मला आत येता येणार नाही.