बोलूच लवकर

४ मार्च

दूध गॅसवर, बादलीत नळ सुटलेला, आणि मी एका हाताने ओटा पुसत दुसऱ्या हाताने फोन लावला. रोज सकाळी साडेपाचला ठोंब्याला फोन करायचा, तेव्हा तिकडे परदेशात संध्याकाळ असायची. बोट सवयीने गेलं. गाडी बर्फावरून घसरून हा माझा लेक गेला, त्याला तेव्हा महिना झाला होता. पाच-सहा वेळा घंटी वाजली आणि तो बोलला. मी फरशीवर बसले. पाणी दारापर्यंत वाहत गेलं तरी उठवलं नाही.

नंतर लक्षात आलं – ते भरून ठेवलेलं बोलणं. कुणी फोन उचलला नाही की लागतं. इंग्रजीत. मला त्यातलं 'हाय' तेवढं कळलं.

ही डिसेंबरातली गोष्ट. आज लिहून काढली, कारण अजून कुणाला सांगितलेली नाही. तेव्हापासून रोज लावते. एकही सकाळ चुकली नाही.

५ मार्च

आज सिस्टरला सांगितलं. दवाखान्यात फाटक्या चादरी शिवता शिवता वीस वर्षं झाली, तिच्याइतकं जवळचं तिथे कुणी नाही. ठोंब्याचं बोलणं मी ऐकून ऐकून कानाला लागेल तसं आपल्या अक्षरांत उतरवून ठेवलं होतं. ती चिठ्ठी दिली. तिने दोनदा वाचली, मग अर्थ सांगितला.

"हाय, काय चाललंय? मी आत्ता फोन घेऊ शकत नाही. निरोप ठेवा. बोलूच लवकर."

बोलूच लवकर. तीन महिने हेच म्हणत होता आणि मला पत्ता नाही.

९ मार्च, रविवार

सूनबाईचा फोन. ती पडद्यावर, मी पडद्यावर. तिला आपली भाषा नाही, मला तिची नाही. मध्ये ठोंब्या असायचा, दोन्हीकडचं सांगायचा. स्वतः असताना दोघींना चार शब्द शिकवावेत, तेवढं काही सुचलं नाही त्याला. ठोंब्याच तो.

छोटीने चित्र दाखवलं आणि पळाली. पाच वर्षांची आहे, जिवणी हुबेहूब बापाची. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. मागच्या खेपेला चार होती. असंच होत होत एक दिवस फोन यायचा थांबेल. यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आता त्या पोरीपलीकडे माझं म्हणून कोणी उरलेलं नाही.

११ मार्च

रद्दीच्या दुकानातून इंग्रजी बोलायचं पुस्तक आणलं. शाळा माझी दुसरीपर्यंत, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. तेव्हा हेही जमेल. सुट्टीत सिस्टरला पहिलं वाक्य म्हणून दाखवलं – हाउ डू यू डू. ती डबा बाजूला ठेवून हसली.

"मावशी, हे पुस्तक तुमच्यापेक्षा म्हातारं आहे. असं कुणी म्हणत नाही आता. हाय, हाउज इट गोइंग म्हणायचं."

"म्हणजे?"

"काय, कसं चाललंय?"

"आणि मला विचारलं तर?"

"नॉट बॅड म्हणायचं. ठीक चाललंय."

"ठीक नसलं तर?"

"तरी नॉट बॅड."

म्हटलं, आणि सूनबाई लांबलचक काही बोलायला लागली तर? सिस्टर म्हणाली, हसायचं आणि म्हणायचं – नो वरीज, साउंड्स गुड. काळजी नको, चांगलं आहे. शेवटी टेक केअर. एवढ्यात सगळं भागतं.

१४ मार्च

जिन्यात मोठ्या डॉक्टरांना 'हाउज इट गोइंग' म्हटलं. "नॉट बॅड" म्हणून ते पायऱ्या उतरून गेलेसुद्धा. ठोंब्या गेल्यावर भेटायला येणारे विचारून समोर बसून राहायचे, उत्तर मिळेपर्यंत. त्यापेक्षा ही पद्धत बरी.

१६ मार्च, रविवार

जमलं! 'हाय, हाउज इट गोइंग' म्हटल्याबरोबर छोटी खदखदून हसली. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा हसली. सूनबाईने विचारलं, मी तोंड भरून 'नॉट बॅड' म्हटलं.

मग तिने छोटीला आत पाठवलं आणि बरंच काही बोलली. हळू हळू, थांबत थांबत. डोळे भरलेले. मला शब्द कळेना, पण मी घाबरले नाही. हसले आणि म्हटलं, नो वरीज, साउंड्स गुड. तिने तोंडावर हात धरला. टेक केअर म्हटलं तर तीनदा मान हलवली.

अकरा मिनिटं झाली. आनंदाने दोनदा चहा करून प्यायले.

१९ मार्च

सूनबाईचा लेखी निरोप आला. मोठा होता, म्हणून दवाखान्यात सिस्टरकडून वाचून घेतला. ती जसं सांगत गेली तसं लिहिते.

"आई, रविवारी तुम्ही हो म्हणालात, त्याबद्दल आभार. रोज संध्याकाळी कपाटात त्याचा फोन वाजतो. त्यावर तुमचं नाव दिसतं. तो बंद केला तर तुम्हाला त्याचा आवाज मिळणार नाही असं वाटून मी रोज चार्ज करत राहिले. पण घंटी थांबली की छोटी म्हणते, बाबाने उचलला. परवा विचारत होती, बाबा आजीशी रोज बोलतो, माझ्याशी का नाही? म्हणून मी तुम्हाला विचारलं, त्याचा नंबर कायमचा बंद करू का. तुम्ही हसत हो म्हणालात. तुमच्याइतका धीर मला नाही. शुक्रवारी बंद होईल."

सिस्टरने फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मावशी, ती काय विचारतेय ते कळलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग आत्ता लिहिते ना मी. नको म्हणून. अजून दोन दिवस आहेत."

सुईत दोरा जाईना. तिसऱ्या खेपेला गेला.

म्हटलं, "लिही – नो वरीज."

"अहो मावशी, पण..."

"लिही गं."

आज सकाळी लावला होता तो पुरता ऐकलासुद्धा नाही. दूध वर आलं म्हणून 'निरोप ठेवा'पाशीच ठेवून दिला होता.

२० मार्च

साडेपाचला दूध गॅसवर ठेवलं. वर येईपर्यंत समोर उभी राहिले. फोन लावला नाही.