लंगड्याची जोडी

बाई, उधन्याच्या आमच्या खोलीमागचे दोन आंबे तुम्हाला आठवत असतील. तुम्ही जाऊन वर्षं लोटली, पण मनात तुमच्याशी बोलू लागले की मी अजून तिथेच जाऊन उभी राहते. घरमालककाकांनी हौसेनं लावलेली लंगड्याची दोन कलमं. मोहोर असा यायचा की पानं दिसेनाशी व्हायची, मागच्या कारखान्यातले लूम खटखटत असायचे आणि त्या आवाजावर सगळा मोहोर हलतोय असं वाटायचं. मग वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरायच्या आणि एके सकाळी सगळ्या अंगणात पडलेल्या असायच्या. मी झाडून काढायचे. माझी दोन गरोदरपणं तोवर अर्ध्यातच गेली होती. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, तिच्याच मुलाला मला दिलेली. ती दारात बसून म्हणायची, "मोहोर येस, पन फय काय टिकत नही. तुनं बी तसंच शे." ती वाईट नव्हती. तिला जे दिसायचं ते ती बोलायची.

त्या वर्षी काकांनी झाडं तोडून तिथे शेड घालायचं ठरवलं. "बेन, फळ नथी आपतो, तो शुं काम राखवो?" फळच देत नाही तर ठेवायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी तुमचा वनस्पतिशास्त्राचा तास संपल्यावर मी तुम्हाला कॉलेजच्या व्हरांड्यात गाठलं. वर्गात तुम्ही गुजरातीत शिकवायचात, माझ्याशी मात्र मराठीत बोलायचात, आणि तेवढ्यानंही मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. झाडाचं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "चल, बघू या."

तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, हातात चहाची बशी आहे, आणि आत्याला समजावताय. "झाडात खोट नाही हो. लंगड्याला स्वतःचा पराग चालत नाही. बी धरतं, पण दोन्हीकडून एकच जनुक आलं की झाड ते वाढू देत नाही, गाळून टाकतं."

"पन जोडी शे ना," आत्या म्हणते.

"कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी. ही जोडी नाहीच. एकच झाड दोनदा उभं आहे."

आत्या कितीतरी वेळ खिडकीतून त्या दोन झाडांकडे बघत राहिली.

काकांकडून तुम्ही एका मोसमाची मुदत मागून घेतलीत. कतारगामहून तुमच्या दारच्या राजापुरी या दुसऱ्या जातीच्या आंब्याचा मोहोर ओल्या फडक्यात गुंडाळून रिक्षानं आणलात. औषधाच्या, सरबताच्या, मिळतील त्या बाटल्यांत पाणी भरून आपण त्यात ते तुरे खोचले आणि सुतळीनं लंगड्याच्या फांद्यांना टांगले. हे स्टुलावर चढलेले, तुम्ही खालून सांगताय, आत्या बाटल्या पुसून देतेय. उन्हात सगळं झाड काचेनं लुकलुकतंय आणि माश्या या मोहोरावरून त्या मोहोरावर जाताहेत. इतकं सुंदर मी त्यानंतर काही पाहिलेलं नाही.

त्याच दुपारी हात धुताना मी तुम्हाला हळूच विचारलं, "बाई, आमचं दोघांचंही तसंच असेल का? एकाच रक्ताचे म्हणून?"

तुम्ही नळ बंद केलात. तुम्हाला रागावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "झाडाचं उत्तर माणसाला लावायचं नाही. डॉक्टरकडे जा. आणि एकटी जाऊ नकोस, दोघं जा." शेवटचं वाक्य यांना ऐकू जाईल इतकं मोठ्यानं म्हणालात.

आम्ही दोघं गेलो. नात्यातल्या लग्नात असं होऊ शकतं, पण ठाम काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आंबे मात्र त्या वर्षी राहिले. फार नव्हते, पण पाडाला आले. पहिला आंबा आत्यानं देवापुढे ठेवला नाही, माझ्या हातात दिला. "हाऊ तुना," एवढंच म्हणाली. पुढे यांच्यासाठी दुसरं स्थळ घेऊन एक बाई गावाकडून आली, तेव्हा आत्या उंबऱ्यातच उभी राहिली. "आमना घरमा खोट कोनामाच नही. जाय तू." त्या बाईला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. मी आत पीठ मळत होते. मळता मळता रडू आलं, आणि मग कणीक सैल झाली म्हणून हसूही आलं.

आम्हाला मूल झालं नाही, बाई. घर भरलेलं राहिलं, एवढं सांगते. आत्या शेवटपर्यंत माझ्याकडेच होती.

हे कागद कुठेच जायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहिते. तुमचा चेहरा मला लख्ख दिसतो, पण तुमचा आवाज आठवणीतून गेला. खूप प्रयत्न केला, येत नाही. वर तुमच्या तोंडी जे लिहिलंय ते शब्द तुमचेच आहेत, पण लिहिताना मला ते आत्याच्या आवाजात ऐकू येत होते.