इथं कोणी राहत नाही

अंजनगाव सुर्जी,
मळ्यातून

प्रिय किशोर,

माझं अक्षर बघून आधी तुला वाटेल, आईचं काही झालं की काय. आईला काही झालेलं नाही. ती समोर ओसरीत बसून विड्याची पानं लावते आहे आणि मी बाजाराची यादी करते आहे असं तिला वाटतंय. फोन केला असता, पण आपल्या दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेलं सगळं तिला ऐकू जातं. डोळे अधू झाले, कान मात्र होते तसेच आहेत. शिवाय तू फोन उचललास की पहिलं वाक्य ‘ताई, मीटिंगमध्ये आहे’ हेच असतं. पत्राला तसं सांगता येणार नाही.

गावातल्या श्यामच्या गाडीनं तुला अकोल्याला पानांची टोपली पाठवली होती, ती मिळाली असेल. तुझ्या बायकोनं, वर्षालीनं, काही कळवलं नाही, पण ती कधीच कळवत नाही. तुझ्यासाठीची पानं आई दुसऱ्या कोणाला खुडू देत नाही. अंगठ्याला लोखंडी नख लावून स्वतः वेलीपाशी जाते, चाचपत चाचपत. ‘माह्या किशोरले कोवयी पानं लागतात,’ म्हणते. डॉक्टरांनी तुझं पान कधीचं बंद केलंय आणि टोपली शेजारी वाटली जाते, हे मला ठाऊक आहे. तिला मी सांगितलेलं नाही. तिला न सांगण्याच्या गोष्टी आता माझ्याकडे बऱ्याच साठल्यात.

इथल्या नव्या वसाहतीतला, लेआउटमधला, तुझा बंगला ठीक आहे. किल्ली माझ्याकडे असल्यानं मी जाऊन झाडून येते, नळ सोडून बघते, गच्चीवरचा पाला काढते. दिवाळीत चार दिवस तुम्ही येता, एरवी कुलूपच. तुमच्या त्या अख्ख्या रांगेत दिवेलागणीला दोन घरांत उजेड दिसतो. बाकीचे सगळे मालक पुण्याला, नागपूरला नाहीतर तुझ्यासारखे अकोल्याला. घरं मात्र सुंदर बांधलीत सगळ्यांनी.

त्या घरांसाठी तू केवढा धावलास! रस्ता रुंद होणार म्हणून कडेची जुनी गॅसची लाइन उचलायची ठरली आणि नवी लाइन लेआउटच्या मागून जाणार अशी बातमी आली, तेव्हा तुला झोप नव्हती. तू सोसायटीचा सेक्रेटरी. अमरावतीला खेपा घातल्यास, साहेबांना भेटलास, निवेदनं दिलीस, लोकवस्तीजवळून गॅस नेणं किती धोक्याचं यावर पेपरात तुझं नावानिशी छापून आलं. ते कात्रण आईनं देवाजवळ ठेवलंय. लाइन लेआउटपासून हटली त्या दिवशी तिनं मला पेढे आणायला पिटाळलं आणि वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, ‘माह्या पोरानं गॅसले पयवून लावलं.’ पार्बताबाईनं विचारलं, ‘पयून गेला कुठी मंग?’ आई म्हणाली, गेला असन तिकडं जंगलात. मीही हसले. मलाही तोवर माहीत नव्हतं.

मग पर्यावरणाच्या तपासणीची माणसं आली. लाइनच्या नव्या वाटेत काय काय येतं, झाडं किती, पाणी कुठं, वस्ती किती, ते सगळं त्यांनी लिहायचं आणि मग त्यावर जनसुनावणी. त्यांचा मोठा माणूस नाल्यावरच्या रस्त्यात गाडीत बसून राहिला. एक मुलगी तेवढी आत मळ्यात आली, आचल नावाची, अमरावतीची. उन्हानं लाल झाली होती. कुंपणाशी तिनं विचारलं, चपला काढू का? बाबांचा नियम तिला कोणी सांगितला नव्हता, वेलीखालची ओली जमीन बघून तिलाच वाटलं असावं. आईनं तिला पाणी दिलं, विडा करून दिला. ती इकडंतिकडं बघत होती. आईची वाकळ, देव, सिलेंडर, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. मला म्हणाली, तुम्ही रोज कामाला येता का इथं? मी म्हटलं, अगं आम्ही राहतो. तिचा चेहरा उतरला. आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, ताई, मालकांनी तर आम्हाला सांगितलं की इथं कोणी राहत नाही.

कोण मालक, हे मी तिला विचारलं नाही किशोर. सातबाऱ्यावर एकच नाव आहे. बाबा गेल्यावर आईनं अंगठा दिला, मी सही दिली. भाऊ आहे, अजून काय पाहिजे, असं आम्हाला वाटलं होतं. पण तिनं आपण होऊन सांगितलं. तू रस्त्यावर उभा राहून हात लांब करून दाखवलंस म्हणे, तो झाडोरा दिसतो ना, तिथून न्या, माझीच जागा आहे, माझी हरकत नाही. आत आलाच नाहीस. तेव्हा दुपार होती, आम्ही दोघी जेवत असणार. चुलीचा धूर नसला तरी ताटवाट्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं अमरावतीला गेले. राजापेठेत एका शिकवणीच्या वर त्या तपासणीवाल्यांचं ऑफिस आहे, जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. तिथल्या माणसानं उद्धटपणा केला नाही, चहा विचारला आणि संगणकावर आपला मळा दाखवला, आभाळातून काढलेला. हिरवा ठिपका. ‘झुडपं आहेत बघा,’ म्हणाला. मी म्हटलं, शेवगा आणि पांगारा आहे, त्यावर पानवेली चढवल्यात आणि त्या सावलीत आमचं घर आहे. त्यानं चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. हिरव्याशिवाय काही दिसेना. बाबांनी सावली इतकी दाट धरली होती की आभाळातून बघणाऱ्याला त्यांची बायको दिसत नाही. मग त्यानं पुरावा मागितला. मतदानाच्या कार्डावर गल्लीतल्या घराचा पत्ता, जे तुझ्या अकोल्याच्या फ्लॅटसाठी विकलं. वीज पंपाची, तीही तुझ्या नावावर. मी माझा चेहरा दाखवला, तो पुराव्यात धरत नाहीत.

लाइन टाकली की त्या पट्ट्यात घर ठेवता येत नाही आणि खोल मुळांचं झाडही ठेवता येत नाही, एवढं त्यानं नीट समजावलं. झाडं गेली की सावली गेली, आणि उन्हात पानवेल किती तग धरते हे तुला सांगायला नको. म्हणजे घरही गेलं आणि मळाही. आईला तू अकोल्याला नेशील, बाल्कनीत खुर्ची टाकून देशील. माझं तू काय ठरवलंयस, की माझ्याबद्दल अजून काही ठरवायचं राहिलंय? अकोटहून माझं नांदणं मोडून मी आले, तेव्हा ‘ताई, मळा तुझाच समज’ असं तू म्हणाला होतास. मी मूर्खासारखी तसंच समजत राहिले.

मला तुझा राग येतो. इतका येतो की पानं खुडताना देठाऐवजी शेंडा तुटतो. तू खोटं बोललास याचा नाही, माणसं घाबरली की खोटं बोलतात. इथं दोन बायका राहतात हे लिहिलं गेलं असतं तर लाइन परत लेआउटकडे वळली असती, हे मलाही कळतं. पण तुझ्या कुलूपबंद बंगल्याला तू लोकवस्ती म्हणालास आणि आईच्या घराला झाडोरा. उन्हाळ्यात आपण सगळे इथं झोपायला यायचो, आठवतं? आमच्या मळ्यापुढं तुमचा कूलर झक मारतो, अशी शेखी तू वर्गात मिरवायचास. तुला गोवर निघाला तेव्हा आईनं तुला इथंच, वेलींच्या गारव्यात ठेवलं होतं आणि सगळे दिवस तुझ्या उशाशी बसून होती. तेव्हासुद्धा इथं कोणी राहत नव्हतं का रे?

आता पत्र कशासाठी ते लिहिते. येत्या शनिवारी बाजारातल्या मंगल कार्यालयात सुनावणी आहे. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून तुला बोलावलंय, आणि आईला हे गावातून कळलं. तिला वाटतंय तुझा सत्कार आहे. तिनं जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलंय, आलेल्या सगळ्यांना विडे द्यायचे म्हणून पानं बाजूला काढते आहे. मी तिला अडवणार नाही, हात धरून पहिल्या रांगेत आणून बसवीन. अहवालातलं वस्तीचं पान आलं की ते मोठ्यानं वाचतील की तिथं कोणी राहत नाही, आणि मालकाचं नाव वाचतील. तिचे कान चांगले आहेत. राजापेठेतल्या त्या माणसानं मला सांगितलंय की शनिवारच्या आत मालकानं सहीनिशी लिहून दिलं तर ते पान बदलेल आणि मोजणी पुन्हा होईल. जमीन तुझीच राहू दे, मला ती मागायची नाही. एवढंच लिहून दे की इथं माझी आई राहते. माझं नाव घातलं नाहीस तरी चालेल.

तुझीच,
जमुनाताई