शाळेच्या बैठकीआधीची निरवानिरव

ज्या मेजावर हे लिहीत आहे ते मेज, पुस्तक तिरकं धरणारी लाकडी घोडी, या खोलीच्या खिडक्या, घरातला जिना, शाळेच्या ग्रंथालयातली निम्म्याहून अधिक बांधणी आणि माझं स्वतःचं शिक्षण, एवढं मी माझ्या हातांनी केलेलं आहे. बाकीचं मिळालेलं आहे.

मी, धंद्याने बुकबाइंडर, वय चौपन्न, डोकं ठिकाणावर असताना ही व्यवस्था लिहून ठेवतो. मला धाक घातलेला आहे, हे खरं. पण त्या धाकाने यातला एकही शब्द लिहिलेला नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीची. घरातला स्क्रीनही तिचाच. अक्षर मोठं करता येतं, म्हणून तिच्या अधू डोळ्यांना तो कागदापेक्षा सोयीचा पडतो. शाळेतल्या स्क्रीनबद्दल बैठकीत द्यायच्या निवेदनात मी हेही लिहिलं आहे. मी स्क्रीनचा वैरी नाही.

२. पुस्तकं दाबून धरायचा दाब, कटिंग मशीन आणि सुया पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. शिकली तर ठेवावं. विकलं तर निदान भंगाराच्या भावाने विकू नये. शाळा सगळी छापील पुस्तकं काढून स्क्रीन आणणार आहे, म्हणून मी मुलांना सारखेच लांब धडे कागदावर आणि स्क्रीनवर वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. स्क्रीनपुढे मुलं पापणी लववायची विसरतात. पुतणीही त्यांत होती. म्हणाली, "काका, अक्षरं छान दिसतात, पण डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय."

३. वडिलांचं घड्याळ धाकट्या भावाला. स्क्रीन पुरवण्याचं कंत्राट त्याचं आहे. तो जन्मात कधी वेळेवर आला नाही, म्हणून आजवर घड्याळ दिलं नव्हतं. परवा मात्र न बोलावता आला, दोन माणसं घेऊन. ती दोघं आत आली नाहीत, बाहेरून खिडक्यांच्या कड्या बघत राहिली. काल सकाळी मागच्या दाराची कडी निघालेली होती आणि स्क्रू पायरीवर ओळीने मांडलेले. काम नीटनेटकं होतं, हे मान्य करतो.

४. शुक्रवारच्या बैठकीला मी नसलो, तर माझं निवेदन शेजारच्या नर्सबाईंनी मोठ्याने वाचावं, पत्नीच्या स्क्रीनचा मजकूर न गाळता. मी जिन्यावरून पडलो असं कोणी सांगितलं, तर जिना बघून यावा. तोही मीच बांधला आहे. त्यावरून कोणी पडत नाही.

साक्षीदार: शेजारच्या नर्सबाई, समोरचा लॉन्ड्रीवाला. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.
ठिकाण: कामाची खोली, दार आतून बंद.
वार: मंगळवार.
सही: बुकबाइंडर

पुरवणी, त्याच वेळी, त्याच साक्षीदारांसमोर. लॉन्ड्रीवाल्याने विचारलं की भावाला नेमकं हवं काय होतं. ते लिहून ठेवणं बरं. भाऊ म्हणाला, "दादा, खोटं बोल असं मी म्हणतच नाही. शुक्रवारी फक्त आजारी पड. खरंच पडायची पाळी आणू नकोस."

मी नाही म्हणालो. देऊ केलेली रक्कम नऊ लाख, रोख.