मुडदुसाच्या बिनऔषधी रांगेतून माझ्या मुलीचे नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मेहेरबान अध्यक्षसाहेब,
अस्थिवृद्धी संशोधन मंडळ,
मुक्काम पुणे, यांचे सेवेशी

अर्जदार : अनंत रघुनाथ खळदकर, मुख्य शिक्षक, मराठी शाळा, मौजे बेडसे, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

विषय : मुलगी रजनी, वय चार वर्षे, हिच्या वाकड्या पायांवरील मंडळाचा ताबा उठवून ते तिच्या आईबापांस परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या लोणावळा येथील संशोधन अधिकाऱ्यांचे मला आलेले पत्र, ता. ५ एप्रिल १९३७.

महोदय,

१. सरकारी पत्राला सरकारी भाषेत उत्तर देणे मला जमते, असा माझा आजवर समज होता. वरील पत्राने तो डळमळीत झाला आहे. तरी प्रयत्न करतो. मजकुरात कोठे आवाज चढल्यास तो बापाचा समजावा, शिक्षकाचा समजू नये.

२. गतवर्षी दसरा झाल्यावर आपले संशोधन अधिकारी मोटारीने बेडसे मुक्कामी आले. मावळात पावसाळाभर सूर्य तोंड दाखवत नाही, पोरे धुराच्या घरात कोंडलेली असतात, आणि काहींची हाडे मऊ राहून पाय धनुकलीसारखे वाकतात. यास आम्ही मुडदूस म्हणतो. साहेबांनी अशी पोरे शाळेच्या पटांगणात जमवून त्यांच्या दोन रांगा केल्या. पहिल्या रांगेतील पोरांच्या आयांस माशाच्या तेलाच्या बाटल्या देऊन रोज चमचाभर पाजण्यास सांगितले. दुसऱ्या रांगेस काहीच द्यावयाचे नव्हते. औषधावाचून दुखणे कसकसे वाढत जाते, हे पाहण्यासाठीच ती रांग होती. माझी रजनी दुसऱ्या रांगेत आली. ती रडू लागली म्हणून तिच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवण्यात आला. मंडळाकडून तिला आजपर्यंत झालेला औषधोपचार तो एवढाच.

३. पुढे जे घडले त्यास गावची रीत कारण आहे. येथील बरीच घरे माळकरी. माळकऱ्याच्या चुलीपाशी माशाचे तेल जाणार नाही, मग पोराच्या तोंडात कोठून जाणार? बरे, सरकारी बाटली टाकून द्यायची तरी छाती कोणाची? सबब बाटल्या गोठ्यात ठेवण्यात आल्या. शिवाय तेल म्हटले की ते अंगाला चोळायचे, हे येथील कोणत्याही बाईस शिकवावे लागत नाही. गावातील पोरांना न्हाऊमाखू घालणारी सरुबाई म्हणून एक वयस्क बाई आहे. तिने थंडीभर रोज सकाळी गोठ्यामागच्या उन्हात आळीतील पोरे उघडीनागडी मांडली आणि ते तेल सरसकट सगळ्यांना चोळले. मंडळाच्या रांगा तिच्या गावीही नव्हत्या. साहेबांनी तिचा जबाब माझ्यासमक्ष घेतला, तो जसाच्या तसा देतो : "येका आळीची पोरं, सायेब. येकाला चोळायचं आन् दुसऱ्यानं त्वांडाकडं बघत बसायचं, आसं आमच्यात न्हाई. आन् ह्ये त्याल पाजत्यात व्हय कुटं? वास तरी घ्या की वाईच!" सरुबाईला यातले शास्त्र कळत होते, असे माझे बिलकूल म्हणणे नाही. तिने चूक केली. ती चूक पोरांना मानवली, इतकेच.

४. शिमगा झाल्यावर साहेबांनी मापे घेतली, तो दोन्ही रांगांतील पोरांचे पाय सरळ होऊ लागलेले. आयांनी गूळ वाटला. साहेबांनी कपाळाला हात लावला. कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याचा पोरगा, जो पूर्वी बुडावर घसरत जाई, तो आनंदाच्या भरात साहेबांच्या मोटारीमागे धावत गेला. साहेबांनी मोटार थांबवली आणि खाली उतरून त्याचे नाव प्रयोगातून खोडले. त्या दिवशीच्या अहवालात, "बालकांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्यामुळे संशोधनाची अपरिमित हानी झाली आहे," असे वाक्य आहे. साहेबांनी ते मला मोठ्या दुःखाने वाचून दाखवले. शाळेत इतकी वर्षे घालवूनही असले वाक्य मी कोणत्याही ढ मुलाच्या निबंधात पाहिलेले नाही.

५. गावात वाकडी राहिली ती एकटी रजनी. कारण उघड आहे. तिचा बाप शिकलेला. प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मला बाजूला घेऊन, "मास्तर, तुमच्यासारख्या सुशिक्षिताकडून तरी नियमभंग होणार नाही," असे म्हटले आणि मी फुशारून गेलो. सरुबाई दारी आली तिला मी परत पाठवले. याबद्दल मुलीच्या आईने, सौ. इंदिरेने, मला जे सुनावले ते अर्जात घालण्याजोगे नाही. त्यातल्या त्यात सौम्य वाक्य असे : "अडाण्यांची पोरं पळायला लागली. आता आपल्या शहाणपणाला तेवढे पाय फुटले की झालं."

६. यानंतर मुलीस औषध सुरू करावे म्हणून मी साहेबांस विनंती केली. तिच्या उत्तरादाखल संदर्भाचे पत्र आले. त्यात रजनी ही "सबंध प्रयोगातील एकमेव विश्वासार्ह बालक" असल्याचे नमूद करून, दिवाळीपर्यंत तिला तेल लावू नये, पाजू नये, गावाबाहेर नेऊ नये व उन्हात बसवू नये, असे फर्माविले आहे. सोबत सरकारी खर्चाने एक काळी छत्री आली. भर चैत्रात मी चार वर्षांच्या पोरीवर छत्री धरून अंगण ओलांडतो. कोंडाजीने परवा आभाळाकडे पाहून विचारले, "मास्तर, पाऊस हाय का काय कुटं? आमाला तर दिसंना." पत्रात असेही लिहिले आहे की मुलीच्या पायांची छायाचित्रे विलायतेस पाठवली असता तेथील विद्वानांनी "अत्यंत सुंदर वक्रता" असा शेरा दिला. महोदय, माझ्या मुलीत सुंदर म्हणण्याजोगे पुष्कळ आहे. तिचे डोळे आहेत, तिचे हसणे आहे. त्यांची मापे घ्यायला कोणी आले नाही. पत्राच्या शेवटी, आमच्याकडून कसूर झाल्यास माझ्याविषयी शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाकडे प्रतिकूल लिहावे लागेल, अशी प्रेमळ सूचना आहे.

७. तळेगावच्या एका डॉक्टरांना मी मुलगी दाखवली. (पत्र येण्यापूर्वी दाखवली, हे गावाबाहेर न नेण्याच्या कलमासाठी लिहून ठेवतो.) त्यांनी सांगितले की हाडाच्या टोकाशी कूर्चा, म्हणजे कच्चे मऊ हाड, असते, वाढ तेथूनच होते, आत्ता ऊन आणि तेल मिळाले तर पाय बहुतांशी सरळ होतील. हाड एकदा वाकडे राहून पक्के झाले की ते जन्माचे. आता मृगाला फार अवधी नाही. पाऊस लागला की आमच्याकडे दसऱ्यापर्यंत ऊन विकत मिळत नाही. म्हणजे साहेबांची दिवाळी येईल तोवर मुलीची वेळ निघून गेलेली असेल. रजनी शाळेच्या पायऱ्या बसून उतरते. बाकीची पोरे तिच्या अंगावरून उड्या मारून जातात. ती मला विचारते, "बाबा, मी मोठी झाले की पळेन ना?" याला काय उत्तर द्यावे, ते मंडळाने ठराव करून कळवावे.

८. हा कागद मी परवानगी मागण्यासाठी घेतला होता. येथवर लिहून झाल्यावर बाहेर पाहिले, तर इंदिरेने सरुबाईस बोलावून आणले आहे, आणि रजनी अंगणात उघड्या अंगाने पालथी पडून तेल चोळून घेत आहे. गुदगुल्या होऊन ती इतक्या मोठ्याने हसत आहे की पुढला मजकूर सुचेना. मी छत्री उचलली, मिटली आणि खुंटीला अडकवली. तरी विनंतीच्या जागी आता केवळ खबर वाचावी. लोकल बोर्डास जे लिहावयाचे ते खुशाल लिहावे. बदली कोठेही करा, फक्त तेथे ऊन असावे.

९. राहता राहिली शास्त्राची अडचण. ती मला समजते. तेल न पाजलेले आणि ऊन न दाखवलेले एक तरी मूल असल्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही, आणि रजनीची जागा आजपासून रिकामी आहे. गेल्या आठवड्यात मी साहेबांच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर गेलो होतो. साहेब न्याहारीस बसले होते, म्हणून मला पायरीवर थांबावे लागले. व्हरांड्यात कोवळ्या उन्हात त्यांचे चिरंजीव सतरंजीवर लोळत होते. वय रजनीएवढेच. आयाने त्यांना चमचाभर तेल पाजले आणि वर बत्तासा दिला. पाय कसे सरळ आणि गुटगुटीत! माझी दृष्ट न लागो; मी मनोभावे म्हणतो, त्या पोराचे पाय जन्मभर तसेच राहोत. तथापि शास्त्रापुढे आपपर नाही असे साहेब नेहमी सांगतात. तरी रिकाम्या जागी सदर चिरंजीवांचे नाव दाखल करावे किंवा कसे, हे मंडळाने साहेबांस लेखी विचारावे. ते होय म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. नकाराखाली ते जे कारण लिहितील, तेच माझेही कारण समजून हा अर्ज निकालात काढावा.

आपल्या उत्तराची वाट पाहू न शकणारा,
आपला नम्र,
अनंत रघुनाथ खळदकर
मौजे बेडसे, ता. २२ एप्रिल १९३७