न निघालेली हाक

मंगळवार पेठ, कोल्हापूर

तीर्थरूप अण्णा,

लांबूनच पाया पडते. फोन उचलत नाही म्हणून रागावू नका. घशातली बारीकशी गाठ काढलीय, त्यामुळे डॉक्टरांनी काही दिवस बोलायला बंदी घातलीय. काळजीचं कारण नाही. गाठ तपासायला पाठवलीय, तेवढा रिपोर्ट यायचाय.

खोलीवर जीव रमत नाही, म्हणून शाळेत जाते. आज तिसरीच्या फळ्यावर लिहिलं, ‘सगळ्यांनी मिळून न बोलता गोष्ट सांगायची.’ पोरं हात हलवत नदीचा पूर झाली. मोना नावाची मुलगी वाहून चाललेली म्हैस झाली, मी तिची मालकीण. काठावरून हाक मारायचं नुसतं सोंग करायचं होतं. पण अण्णा, मी खरंच हाक मारायला गेले आणि आवाजच फुटला नाही.

पोरांनी टाळ्या पिटल्या. “बाई, लई भारी केलासा की!”

मोना तेवढी पुरातून उठून आली. माझ्या गळ्याला हात लावून हळूच म्हणाली, “बाई, लई दुखतंय व्हय?”

मी हसून नाही म्हणून मान हलवली. तेव्हापासून मात्र एका जागी बसवत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांगा, मी वेळेवर जेवते. आणि सवड काढून तुम्ही एकदा येऊन जा.

तुमची,
अक्षता